थोरला नेम

दाजींनी ओंजळीत पाणी घेतलं की आमच्या अक्काच्या पोटात गोळा यायचा. नवरा गंगेत गुडघाभर पाण्यात उभा आहे, डोळे मिटलेले आहेत आणि ओठ हलताहेत, म्हणजे घरी आणखी एक नेम येणार हे ठरलेलं. बाकीच्या बायकांना नवरा बाहेरून काय पिऊन येईल याची धास्ती असते, हिला तो काय सोडून येईल याची. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेला सांगितलेलं मागे घेता येत नाही. दाजींनी नेम धरता धरता तिच्यात इतकं पाणी सोडलं, की पावसाळ्यात पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी लागला की लोक उगाच पावसाला बोल लावायचे. ते पाणी कोणाचं हे मला ठाऊक होतं.

दाजी खरे माझे एकट्याचे, अक्काचे यजमान. पण पंचवटीच्या फुलबाजारात हारवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणत. म्हणजे निम्म्या पंचवटीची बहीण त्यांना दिलेली होती, असं धरायला हरकत नाही. मळा गंगापूर रोडच्या बाजूला, गुलाबाचा. शेजारच्या मळ्यांचे एकेक करून प्लॉट पडत चालले होते, बंगले उठत होते, आणि मधोमध दाजींचा गुलाब हटून बसला होता. देह असा, की ते सायकलवर बसले की सायकल दिसायचीच नाही. माणूस आपोआप पुढे सरकतोय असं वाटायचं. आवाज पंचवटीत लावला तर गंगेपलीकडच्या एसटी स्टँडवर ड्रायव्हर ब्रेक दाबायचे.

एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःचाच धाक वाटत असे. तंबाखू, चहा, गोड, संताप या चार गोष्टी आपल्याला एके दिवशी घेऊन जाणार, असं ते मला एकांतात सांगायचे. "मेव्हणे, बाहेरचा दुश्मन परवडला, त्याला दार लावता येतं. हे आतले कुटं कोंडायचे?" म्हणून नेम. पण एक धरला की तो दुसऱ्याचा गळा धरायचा. तंबाखू सोडली की डोकं तापायचं, गिऱ्हाइकावर खेकसायचे. मग संताप सोडायचा नेम. संताप आवरायचा तर तोंडात काहीतरी हवं, आणि तोंडात ठेवण्याजोगी जगात एकच वस्तू त्यांना माहीत होती. एका चातुर्मासात त्यांनी खोटं सोडलं. "फुलं आजची ना?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला दाजी खरं सांगू लागले. त्या दिवसांत घरात इतका गुलाब परत यायचा, की अक्काने भरून ठेवलेल्या गुलकंदाच्या बरण्या आम्हाला तीन दिवाळ्या पुरल्या.

नेम नेमाशी भांडायला लागले, तेव्हा दाजींनी एक कायदा काढला. नेमांमध्येही जावा-जावा असतात, थोरल्या जावेचं आधी चालतं. कायदा दिसायला सोपा होता. घात इथेच झाला. त्यांचा प्रसाद न नाकारायचा नेम फार जुना, आईनं लहानपणी धरायला लावलेला. गोड सोडायचा नेम त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला, डॉक्टरांनी शुगर निघाल्याचं सांगितल्यावर. आता पंचवटीत फुलं विकायला बसणाऱ्या माणसापुढे दिवसभरात किती हात प्रसाद घेऊन येतात याची कल्पना करा. पेढा आला, शिरा आला, साखरफुटाणे आले. प्रत्येक वेळी दाजी धाकट्या जावेची माफी मागायचे आणि थोरलीचा मान ठेवायचे.

बरं, नेम मोडला तरी तसाच टाकून द्यायचा नाही, रीतसर उद्यापन करायचं. गोड सोडायच्या नेमाचं उद्यापन दाजींनी पुरणपोळीचं जेवण घालून केलं होतं. पोळ्या लाटता लाटता अक्का मला म्हणाली, "हे गेले तर लोक म्हणतील आजारानं गेले. खरं सांगते, हे उद्यापनानं जातील." पंगतीत सगळे हसले. तिच्या हातातलं लाटणं मात्र थांबलं होतं.

अक्काने स्वतः एकही नेम धरला नव्हता. विचारलं तर म्हणायची, यांच्याशी लग्न केलं तेवढं बास झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्यांची एकुलती एक लेक वैशाली सटाण्याकडे दिली होती. दोनदा दिवस राहून वाया गेले होते. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलं आणि अक्काने तिला माहेरी आणून ठेवली. घर कुजबुजत बोलायला लागलं. टेलिफोन वाजला की सगळे दचकायचे. भांडं पडलं तरी अक्का आधी लेकीच्या खोलीकडे पळायची. त्याच आठवड्यात दाजी सकाळी गंगेवर गेले आणि येताना चपला हातात घेऊन आले. लेकीचं बाळ सुखरूप हाती येईपर्यंत पायात काही घालणार नाही, असं ते गंगेला सांगून आले होते.

आम्ही मनात म्हटलं, चार दिवस. यांचा कुठला नेम टिकलाय? पण प्रसादाखेरीज आयुष्यभर हरेक नेम मोडत आलेला हा माणूस नेमका या एकाला चिकटून बसला. मी चेष्टेवारी नेलं, तर म्हणाले, "आतापर्यंत मोडले ते माझे होते, मेव्हणे. हा पोरीचाय."

उन्हाळा चढत गेला. गंगेवरच्या फरशीवर दुपारी पापड टाकला तर भाजून निघेल, उरलेल्या धगीवर भाकरीही होईल. त्या फरशीवर दाजी उभे राहून गिऱ्हाइकं करायचे. मळ्यात गुलाबाच्या सरींतून अनवाणी हिंडायचे. सुरुवातीला पाय पोळायचे, काटे टोचायचे. मग एक दिवस ते मोठ्या आनंदात सांगत आले की आता काही लागत नाही. "लय गार वाटतं. जणू लोण्यावर चालतोय." बाजारात बोलबाला झाला. दाजींना नेम फळला, म्हातारपणी सिद्धी मिळाली. लोक येऊन त्यांच्या पायाला हात लावू लागले. एका हारवाल्याने तर त्यांच्या पायावर झेंडूची माळ घातली. दाजी संकोचाने पाय मागे घ्यायचे, पण तोंडावर तेज मावत नव्हतं.

भ्याली ती एकटी अक्का. तिचं म्हणणं साधं होतं. काटा टोचला आणि कळलं नाही, हे चांगलं कसं असेल? तिने पाय दाखवा म्हटलं की दाजी मांडी घालून बसायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी खोटं पुन्हा सोडलं होतं, त्यामुळे पाय बरा आहे असं म्हणता येत नव्हतं. म्हणून ते काहीच म्हणायचे नाहीत.

मग एका सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. दाजी मळ्यातून आले, सरळ आत येऊन पाटावर बसले, मला गुलाबाचा नवा बहार कसा आहे ते सांगू लागले. अक्का कपबशा घेऊन आली आणि दारात थबकली. उंबऱ्यापासून पाटापर्यंत फरशीवर तांबडी पावलं उमटली होती. गौरी घरात आणताना कुंकवाची काढतात तशी, पण एकाआड एक, फक्त उजव्या पायाची. अक्काची नजर एकेका पावलावरून पुढे सरकत दाजींपर्यंत आली. दाजी अजून बोलतच होते. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं.

तळव्यात खोलवर काटा मोडला होता, तो आजचा नव्हता. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आधी दार लावून घेतलं. सिद्धीबिद्धी काही नाही, साखरेनं पाय बधिर केलेत, म्हणाले. बोट बहुतेक जाईल. आजपासून पायात चप्पल आली नाही तर पाऊल जाईल, आणि मग कुठे थांबेल ते मी सांगू शकत नाही.

चप्पल आणायला मला पाठवलं. आता मी कोण, तर दाजींच्या नेमांच्या नकला करून गावभर लग्नांत लोकांना हसवणारा माणूस. पण दुकानात ती मऊ तळव्याची जोडी हातात घेतली आणि मनात आलं, यांनी ही घातली आणि तिकडे पोरीला काही झालं तर? दुकानदार दोनदा विचारून गेला, बांधून देऊ का. मला हो म्हणायला वेळ लागला.

घरी आणून जोडी दाजींसमोर ठेवली. त्यांनी पट्टी बांधलेला पाय खाटेखाली ओढून घेतला. शेजारच्या खोलीत वैशाली पडलेली, त्यामुळे सगळं बोलणं दबक्या आवाजात. एसटी थांबवणारा तो आवाज त्या दिवशी खाटेच्या काठापर्यंतही पोचत नव्हता.

"मेव्हणे, तुम्ही म्हणत असाल तर घालतो. उद्या पोरीचं काय झालं तर तुम्ही जबाब द्याल?"

मी जोडी उगाच सरळ करून ठेवली.

अक्का मळ्यातून चपलांनिशीच आत आली आणि खाली जमिनीवर बसली. तिने विचारलं, "दोन नेम भांडले तर कुणाचं चालतं?"

"थोरल्याचं," दाजी म्हणाले.

"तुमचा सगळ्यात थोरला कोणता?"

"प्रसादाचा."

"तो आईनं धरायला लावला. तुमच्या तोंडानं धरलेला पहिला कोणता?"

दाजींना आठवेना. ते बोटांवर नेम मोजू लागले.

"मांडवात माझ्याबरोबर सात पावलं टाकली, अग्नीला सांगून," अक्का म्हणाली. "त्याचं उद्यापन अजून झालेलं नाय. त्याला दोन पाय लागतात."

दाजींनी खाटेखालचा पाय हळूच पुढे घेतला. मग दाजींनी लहान मुलासारखं विचारलं, "आन् पोरीचं?"

अक्काने बसल्या बसल्या पायातल्या चपला काढल्या आणि खाटेखाली सारल्या. "ते आता माझ्याकडं."

बोट गेलं, पाऊल वाचलं. दाजी दवाखान्यातून घरी आले ते चप्पल घालून, आणि त्या दिवसापासून नवंच दृश्य सुरू झालं. अक्का फुलं तोडायला अनवाणी मळ्यात निघाली की दाजी लंगडत तिच्या पुढे, हातात खराटा. सरी झाडत चालायचे. गुलाबाचा काटा तर सोडाच, मुंगीलाही बाजूला होण्याची विनंती करायचे. तिला शुगर नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, तरी त्यांचा विश्वास नव्हता. संध्याकाळी तिला ओट्यावर बसवून ते तिचे तळवे उजेडाकडे धरून बघायचे, आणि ती लाजून पदर तोंडाशी नेऊन म्हणायची, रस्त्यानं लोक जाताहेत. दोघांच्या मधोमध वैशालीच्या पोटातली ती धास्ती वाढतच होती.

वैशालीला दवाखान्यात नेलं तेव्हा प्रसूतीच्या खोल्यांकडे जाणाऱ्या दारावर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. अक्का अनवाणीच, ती सरळ आत गेली. दाजी पाटीपुढे अडले. चप्पल काढायची नाही हे त्यांनी थोरल्या नेमाच्या शपथेवर कबूल केलं होतं. नर्स म्हणाली, काका, काढा आणि या. दाजी म्हणाले, नाय जमायचं बाई. तिला वाटलं, चप्पल चोरीला जायची भीती असेल. ती म्हणाली, मी बघते त्यांच्याकडे. आत लेक ओरडत होती, बाहेर बाप काचेला नाक लावून उभा होता. त्या काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरायचं, ते पुसायचे, परत धरायचं. मी शेजारी उभा राहून काहीतरी थाप सुचते का ते बघत होतो.

शेवटी अक्काच दारापर्यंत आली. हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी होती. अक्का अलीकडे आली नाही, दाजी पलीकडे गेले नाहीत. तिने उंबऱ्यावरून नात त्यांच्या हातात दिली. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाने ती पाकळी गळेल अशा बेताने धरली.

त्यानंतर दाजींनी बाकी सगळ्या नेमांना रजा दिली. एकच ठेवला. डॉक्टरांनी रोज तळपाय आरशात बघायला सांगितलं होतं. रोज सकाळी ओट्यावर बसून, हातात गोल आरसा धरून, दाजी आधी पायाचं दर्शन घ्यायचे, मग देवाचं. गंमत म्हणजे, एवढा एक नेम पाळू लागल्यावर बाकीचे आपोआप वळणावर आले. पेढा पुढे आला की ते नजरेनंच पाय चाचपायचे आणि पेढा कपाळाला लावून नातीच्या, ती नसली तर जवळच्या पोराच्या हातावर ठेवायचे. "प्रसाद नाकारला नाय, मेव्हणे. फक्त वाट दाखवली." तंबाखूचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, ते का लपवू?

सिंहस्थ होऊन गेल्यावर दोन-तीन वर्षांनी ते गेले. आरसा हातात होता, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तो खुंटीवर होता आणि दाजी झोपेतच गेले.

अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. विधी आटोपल्यावर अक्का पायऱ्या उतरून एकटीच पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, डोळे मिटले आणि ओंजळीत पाणी घेतलं. ही आता या वयात काय सोडते, चपला की अन्न, या विचाराने मी दोन पायऱ्या खाली धावलो. तिने सावकाश पाणी सोडलं आणि काठाला आली.

मी विचारलं, "अक्का, काय धरलंस?"

"धरलं कुठं?" ती पदराने हात पुसत म्हणाली. "त्यांचे अर्धेमुर्धे राहिलेले सगळे सोडून दिले. जीव अडकायला नको." मग पायरीवरच्या चपलांत तिने एकेक पाय घातला. "थोरला तेवढा ठेवलाय."

आणि चपला घातलेल्या पायांनी, प्रत्येक पायरीवर नीट बघत, ती वर चढू लागली.