सासूबाईंची झडती

आमच्या विमानतळाला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने प्रवासी येतात. त्यांचे पट्टे, बूट, पाण्याच्या बाटल्या सगळं तपासलं जातं. मागच्या फाटकाने आम्ही कर्मचारी आत जातो. त्यात सफाईच्या बायका, सामान चढवणारी पोरं, तिकिटाच्या खिडकीवरच्या मुली आणि कंपनीचे हिशेब ठेवणारा मी, असे सगळे आलो. नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. पण मागच्या फाटकावर सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ओळखीच्या माणसाच्या खिशात हात कसा घालायचा हा आपल्याकडे मोठाच प्रश्न आहे. आमच्याकडे तो प्रश्न मंगल मासाळ आली तेव्हा सुटला.

मंगल जत तालुक्याच्या पूर्व भागातली. लहानपणी आईबापांबरोबर मेंढरांमागे चालत तिने अर्धा सातारा जिल्हा पाहिला. मुक्काम पडेल तिथल्या शाळेत जाऊन बसायचं, असं करत करत ती बारावी झाली. नवरा ज्ञानू पाण्याचा टँकर चालवतो. सासू रंगुबाई आमच्याकडे आधीपासून रोजंदारीवर सफाईला होती. रखवालदार बायकांची भरती निघाली तेव्हा सुनेचा हात धरून तिनेच तिला रांगेत उभं केलं. मंगलची निवड झाली, पुण्याला प्रशिक्षण झालं आणि मागच्या फाटकावर नेमणूक मिळाली. पण सहा महिने परीक्षेचे. त्यानंतर पाळीप्रमुख स्वप्नाली मॅडमनी सही केली तर नोकरी पक्की, नाही तर घरी. त्या घरात पक्का पगार अजून कोणी पाहिलेला नव्हता.

पहिल्याच सकाळी रंगुबाई नेहमीसारखी फाटकातून सरळ आत निघाली.

"आत्याबाई, थांबा," मंगल म्हणाली.

"मी थांबू? का गं?"

मंगलने वाकून सासूच्या पाया पडून घेतलं. मग ताठ उभी राहून म्हणाली, "आता हात वर करा."

रांगेत हशा उसळला. सामानाच्या गाडीवरचा नाथाजी मागून ओरडला, "रंगुबाय, आशीर्वाद दिलासा, आता झडतीबी द्या की!"

आतापर्यंत बायकांची झडती कोणी घेत नव्हतं, त्याला कारण होतं. धातू शोधायचं हातातलं यंत्र पायाशी नेलं की जोडव्यांना वाजायचं, गळ्याशी नेलं की मंगळसूत्राला वाजायचं. सगळ्याच बायका रोज वाजायच्या. मग वाजणारच की, म्हणून बघायचंच बंद झालं होतं.

मंगलने यंत्र फिरवलं. ते वाजलं.

"जोडवी हायत ती," रंगुबाई म्हणाली.

"जोडवी कमरंला कवापास्नं घालाय लागलासा?"

नाथाजी तर हसून खालीच बसला. कमरेतून चंची निघाली. चंचीत पान, चुना, सुपारी आणि वीतभर लांब लोखंडी अडकित्ता. विमान उतरलं की आत जाऊन खुर्च्या पुसणं हे रंगुबाईचं काम. म्हणजे हा अडकित्ता इतकी वर्षं रोज विमानात जाऊन येत होता.

"ह्यो आत जायचा न्हाई, आत्याबाई."

"आगं, मग सुपारी काय दातानं फोडू? दात तरी हायत का?"

"मी घरनं फोडून देत जाईन."

"माझ्या आयनं दिलेला हाय त्यो!"

"पेटीत ठेवते. जाताना न्या."

रंगुबाईचा चेहरा पडला. सुनेने चारचौघांत कमरेची चंची उपसली, ही गोष्ट काही साधी नव्हती. तेवढ्यात स्वप्नाली मॅडम आल्या. फोन कानाला लावून, रांगेच्या कडेने, मंगलला वळसा घालून त्या रोज जात तशाच आत निघाल्या.

"आन् ह्या?" रंगुबाईचा आवाज चढला. "ह्यांची बॅग म्हंजे काय देव्हारा हाय? सासूची चंची उपसलीस, सायबीण मातुर सरळ आत!"

 खाली बसलेला नाथाजी उठून उभा राहिला. मंगलने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग ती पुढे झाली.

"मॅडम, बॅग."

"मंगल, मला बैठक आहे. उद्यापासून बघू."

"सोडते की, मॅडम," मंगल म्हणाली. "पर मग आज राती मला आत्याबाईंच्या घरात घेणार कोण?"

मॅडम पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या, शिस्तीच्या. त्यांना मी कधी मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी फोन बंद केला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बॅग मेजावर ठेवली. त्यात कागद होते, डबा होता, आणि डब्याच्या खाली फळं कापायची सुरी होती. मॅडमचं हसणं थांबलं.

"ही रोज माझ्याजवळ असते," त्या हळूच म्हणाल्या.

"बघा!" रंगुबाई म्हणाली. "माझा अडकित्ता तरी बोथट हाय."

सुरी पेटीत गेली. दुसऱ्या दिवसापासून मॅडम रांगेत उभ्या राहू लागल्या. त्या उभ्या राहिल्यावर बाकीच्यांना उभं न राहून चालेना. मंगलला मात्र आपली नोकरी गेली असंच वाटत होतं. दुसरी नोकरी शोधायला तिने ज्ञानूला सांगूनही ठेवलं होतं.

सहा महिने झाले तेव्हा मॅडमनी तिला बोलावलं. पगार ठरवायचा म्हणून मीही समोर होतो.

"त्या दिवशी माझी भीती नाही वाटली?" मॅडमनी विचारलं.

"वाटली की," मंगल म्हणाली. "पर तुमची भीती पाळीपुरती. आत्याबाईंची घरीबी असती."

मॅडमनी हसत सही केली.

बाहेर रंगुबाई झाडू घेऊन एकच फरशी पुन्हा पुन्हा झाडत होती. मंगल दारात आली आणि तिने नुसती मान डोलावली. रंगुबाईने झाडू तिथेच टाकला आणि ओरडत धावपट्टीकडच्या दारापर्यंत गेली, "ए नाथाजी! थांबीव रं तुझी गाडी! आमची पक्की झाली!"

नाथाजीने सामानाची गाडी भर रस्त्यात थांबवली. पोरं खाली उतरली, खिडकीवरच्या मुली धावत आल्या, आणि सगळ्यांनी मंगलला घेरलं. त्या दिवशी सामान विमानाला जरा उशिरा लागलं. वैमानिकाने कारण विचारलं, तेव्हा नाथाजीने त्याच्या हातावर पेढा ठेवला.