वजनवाल्या बाई

दुपारच्या जेवणानंतरचं सत्र नेहमी तिच्याच माथी यायचं. रात्रपाळी करून आलेल्या नर्स मागच्या रांगेत पेंगायच्या, डॉक्टर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायचे, आणि ही फळ्यासमोर उभी राहून दातांच्या कण्या करायची. घरात मार खाणारी बाई दवाखान्यात आली तर ती ओळखायची कशी आणि ओळखल्यावर करायचं काय, हे शिकवणं तिचं काम. ते करता करता केस पिकले, पाय सुजायला लागले. विनोदसुद्धा तेच ते राहिले, कारण नवे सुचायला अंगात त्राण लागतं आणि ते कधीच आटलं होतं.

तिचा सगळा भर दोन गोष्टींवर. एक म्हणजे बाईला एकटीला गाठायचं. सोबत नवरा असो, सासू असो, नाहीतर साखरेत घोळून बोलणारी नणंद असो, सगळ्यांना बाहेर बसवायचं. त्याला वजनकाट्याची खोली उत्तम, वजन करायला नेलं तर कुणाला शंका येत नाही. दुसरं म्हणजे "घरी सगळं ठीक ना?" असं मुळीच विचारायचं नाही, कारण त्याला "हो"शिवाय उत्तर नसतं. सरळ विचारायचं, घरी कुणाची भीती वाटते का? हे वाक्य ती जोड्या लावून सगळ्यांकडून म्हणून घ्यायची. मोठमोठे डॉक्टर ते म्हणताना शाळकरी पोरांसारखे खुदखुदायचे. पाठीमागे तिला सगळे वजनवाल्या बाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि रागावण्याइतकी हौस आता उरली नव्हती.

एका लहान दवाखान्यातली थोरली नर्स तर भर सत्रात भांडली होती. इथे पाणी प्यायला फुरसत नाही, आणि तुम्ही म्हणता घरच्या गोष्टी विचारत बसा, असं तोंडावर म्हणाली होती. बाईंनी मान डोलावली होती. खरंच होतं ते.

काम आटोपून थकलं की जायला एकच ठिकाण आवडीचं, दादाचं घर. वडील गेले तेव्हा दादाने कॉलेज सोडून नोकरी धरली आणि हिला शिकवलं. अजूनही तो तिला बारकी म्हणतो. अख्ख्या गल्लीत दादा म्हणजे देवमाणूस. वहिनी मात्र कुठलंही उत्तर द्यायच्या आधी दादाकडे बघायची. ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायची. जिन्यात पावलं वाजली की तिचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. या असल्या खुणा बाई जन्मभर फळ्यावर लिहीत आल्या, पण दादाच्या घरात शिरताना हे सारं शहाणपण त्या चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवायच्या. सांगायला लाज वाटावी अशी ही गोष्ट, पण होती खरी.

त्या दिवशी वहिनीचं मनगट टम्म सुजलेलं होतं. न्हाणीघरात घसरली, असं दादानेच सांगितलं. मलम चोळलं की उतरेल, असंही वर म्हणाला. बाईंनी हट्टच धरला आणि वहिनीला दवाखान्यात न्यायला निघाल्या. दादा म्हणाला, "हो पुढे, मी आलोच मागून."

गाडीत बाईंनी विचारलं, "सगळं ठीक ना, वहिनी?"

वहिनी खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाली. बाईंना हायसं वाटलं. हेच त्या इतकी वर्षं दुसऱ्यांना करू नका म्हणून बजावत होत्या.

दवाखान्यात नेमकी तीच भांडकुदळ नर्स. तिने बाईंना ओळखलं, चहा विचारला, वहिनीचं मनगट हलकेच वळवून पाहिलं. बाही वर सरकवली तेव्हा दंडापाशीही तिची नजर थोडी थांबली. मग म्हणाली, आधी वजन करून घेऊ. वहिनीची पर्स सांभाळत बाईही उठल्या. नर्सने दारात हात आडवा धरला.

"बाई, तुम्ही इथेच बसा."

"अगं, मी परकी आहे का? घरचीच आहे."

"म्हणूनच," नर्स म्हणाली, आणि दार लागलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला शिकवते! मग त्या दाराशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि राग कुठल्या कुठे गेला, नुसता थकवा उरला. वजन करायला कितीसा वेळ लागतो? दार उघडेना. आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज वहिनीचाच होता. ती एकदा अडखळली, रडली, आणि पुन्हा बोलू लागली. इतकं सलग बोलताना बाईंनी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

तेवढ्यात दादा आला.

"कुठाय ती?"

"वजन करतायत."

"हाताला लागलंय, वजन कशाला?"

"औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं," बाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी कित्येकांकडून पाठ करून घेतलं होतं.

दादा दाराकडे वळला. बाईंनी उठून आपली खुर्ची सरकवून दारासमोर आणली आणि तिच्यावर बसल्या.

"बारके, तू तिला काही विचारलंस का?"

"नाही दादा. मी कधीच काही विचारलं नाही."

तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. येणारेजाणारेही बघू लागले, तेव्हा हसला, अगदी मायेने. "बरं, दमलीस तू. आण ती पर्स इकडे, मी धरतो."

पर्समध्ये वहिनीचा फोन होता, घराची किल्ली होती. पुढे आलेला हात ओळखीचा होता, लहानपणी तोच धरून त्या शाळेत गेल्या होत्या. बाईंना रडू फुटलं. त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली आणि दाराला पाठ लावून बसून राहिल्या.