चाकाचे छर्रे

जंगलपट्ट्यातल्या एका पोस्टात मी पार्सलं घेतो. आमच्याकडे पोलादी छर्रे म्हटले की आधी नक्षल्यांचा सुरुंग आठवतो. त्यामुळे एका सायकल मिस्त्रीने खिडकीवर छर्र्यांची पिशवी उघडली तशी मी खुर्ची मागे सरकवली.

"बहीण आशाताई हाय, भाऊ, गावोगाव गोळ्या वाटते. तिकडं जंगलात छर्रे भेटत नाई. सायकल उभी हाय तिची."

मी घाबरलोय हे त्याने ओळखलं. पिशवीतून चाकाचा हब काढून त्याने बोटाने ग्रीस लावलं आणि मान खाली घालून, तांदूळ निवडावेत तसा एकेक छर्रा त्यात बसवू लागला. "पाहा, कसे बसून राह्यले. सायकलचेच हायेत."

ते मला दिसत होतं. पण उद्या चौकशी झाली तर त्या पार्सलावर माझी सही निघणार, ही भीती जाईना. "डिंक आणतो," म्हणून मी आत गेलो आणि ठाण्यात फोन केला.

पोलीस आले तेव्हा तो मन लावून हब फिरवून पाहत होता. "सांगा ना भाऊ यायले! काऊन बोलून नाई राह्यले?"

"नियम आहे," एवढंच मी म्हणालो.

संध्याकाळी त्याला सोडलं. छर्रे मात्र ठेवून घेतले.

आठवड्याने तो बहिणीला पत्र पाठवायला आला. मी काही विचारायच्या आत त्याने दोन्ही खिसे खिडकीवर रिकामे केले आणि हात मागे घेऊन उभा राहिला.

"राहू द्या हो," मी कसंबसं म्हणालो.

"नाई, पाहून घ्या, साहेब."