वरच्या खोलीतला उकाडा

मंडळींनो, आज दिवसभर आमच्या जुन्या घरात होतो. पार थकलोय, तरी तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

घर भाड्याने द्यायचंय. सावर्ड्याहून बदली होऊन येणाऱ्या एका शिक्षिकेला ते पसंत पडलं, पण त्या म्हणाल्या, "सोबत सासूबाई आहेत. घर किती तापतं, वीज किती लागते, ते तपासून घ्या. मग ठरवू."

म्हणून पॉलिटेक्निकला शिकवणारा माझा मित्र सुहास मीटर आणि थर्मामीटर घेऊन आला. त्याने वायरिंग, पंखे, गिझर सगळं बघितलं. दुपारी आम्ही स्लॅबखालच्या वरच्या खोलीत गेलो. पारा बेचाळीसवर. पंखा लावला तर गरम वाराच खाली येत होता.

"इथे कोण राहायचं?" सुहासने विचारलं.

"बाबा," मी म्हणालो. माझं लग्न झाल्यावर खालच्या खोल्या आम्हाला देऊन ते आपणहून वर गेले. आठ वर्षं राहिले; आमची मुलगी त्याच काळात झाली. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मीही दुपारचा कधी वर गेलो नाही.

बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. सासूबाईंना खालची खोली देणार असाल तरच या, म्हटलं. त्या तयार झाल्या.

संध्याकाळी, आम्ही सगळे आता राहतो त्या फ्लॅटवर परतल्यावर बाबांना विचारलं, "एवढं उकडायचं, तर बोलला का नाहीत?"

पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "बोललो असतो तर तुम्ही वर गेला असतात. पोर तान्ही होती रे."

तुमच्या घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या खोलीत कोण झोपतं?