शिंगाची खुंटी

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले तेव्हाची गोष्ट. लोणारजवळच्या आमच्या गावात मठ होता. तिथल्या महाराजांनी एका एकादशीला जाहीर केलं, की सरोवराच्या काठी आपल्याला पुराणातल्या ऋषींच्या खडावा सापडल्या. पार बीबी गावापासून बैलगाड्या येऊ लागल्या. आम्हीही दर्शनाला गेलो आणि मला हसूच फुटलं. डाव्या खडावेची खुंटी म्हशीच्या शिंगाची होती. आजोबांच्या खडावेची खुंटी तुटली तेव्हा वडिलांनीच शिंग घासून ती बसवली होती. त्या खडावा घालून मी अंगणभर खटखट करत फिरले होते. आईने चिमटा काढून मला गप्प केलं.

झालं होतं असं, की तेरवीचं दान नवंकोरं द्यायचं असतं आणि वडिलांचा हात पहिल्यापासून आखडता. आजोबांच्या तेरवीला त्यांनी त्याच जुन्या खडावा तेल चोपडून महाराजांना दिल्या होत्या.

मामा काही गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. भर मठात त्याने खडावा उचलल्या.

"दाजी, ह्या तुमच्या बुढ्याच्या खडावा हायेत. खुंटी तुम्हीच बसवली. सांगा याईले."

सगळा गाव वडिलांकडे पाहू लागला. हो म्हणावं तर महाराज खोटे पडणार होते. पण बापाच्या तेरवीला वापरलेलं दान दिलं, हेही चव्हाट्यावर येणार होतं. वडिलांना भीती होती ती याचीच.

"मले नाही ओळखू येत," ते म्हणाले आणि त्यांनी खडावांवर डोकं टेकलं.

उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. लोकांना ती भक्ती वाटली. मामाला मात्र देवाच्या दारी खोटं बोलला म्हणून हात धरून बाहेर काढलं. तेव्हापासून मठाच्या पंगतीत पहिलं पान आमचं. मी तिथली बुंदी मिटक्या मारत खाल्ली. वडिलांची लाज वाटते, तशी त्या बुंदीचीही वाटते.

मामाने आमचा उंबरा सोडला. त्या भाऊबीजेला आईने ताट केलं, दिवा लावला आणि दारात थांबून राहिली. मग ताट घेऊन अंगणात उतरली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मामा कोसभरावर होता. वडील ओट्यावरच बसले होते. आईने त्यांच्यादेखत बीजेच्या कोरीला ओवाळलं.