दिवस अर्धा सोडायचा नाही

तारवटी काकांनी कुणाला 'कसं काय?' असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. गोव्यात तुये गावातल्या त्यांच्या घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या सोप्यात, पाय ठेवला, की ते म्हणत, "चेडवा, तुजो दीस सांग." पोरी, तुझा दिवस सांग. आणि तो सांगायचा इटालियनमध्ये.

तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. काकांचं उभं आयुष्य एका इटालियन प्रवासी बोटीवर चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात गेलं होतं. निवृत्त होऊन गावी आले तरी हात स्वस्थ बसत नसत. वाचून झालेल्या वर्तमानपत्राचीही ते कडा जुळवून घडी घालत. मी तेव्हा गावातल्याच एका कारखान्यात पॅकिंगला होते. इटलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम मला मिळत होतं. कामाचं काही वाटत नव्हतं. पण परक्या घरात मुक्यासारखं राहायला नको, म्हणून मी रोज काकांकडे इटालियन शिकायला जायचे.

काकांचं व्याकरण उठण्यापासून सुरू होई. 'मी आल्झो' म्हणजे मी उठते, 'मी लाव्हो' म्हणजे मी अंग धुते. हा 'मी' तर आपलाच, म्हणून मी खूश झाले आणि जेवते या अर्थी 'मी मांजो' असं बेधडक ठोकून दिलं. काका पोट धरून हसले, कारण त्याचा अर्थ मी स्वतःलाच खाते असा झाला होता. "उठप, न्हावप, न्हेसप हें आपणाकच करता, थंय 'मी' घाल. जेवताना ताका भायर दवर." नुसतं 'मांजो' पुरे.

बस चुकली, सुपरवायझर ओरडला, पेज करपली, सगळं सांगावं लागे. मी पोचायचे संध्याकाळी, तरी दिवस रात्री झोपेपर्यंत न्यायचा असा दंडक. मी त्यांच्याकडच्या कॉफीपर्यंतच सांगून चपला शोधायला लागले की म्हणत, "दीस अर्दो सोडचो न्हय. रात सदांच येता, सांग." मग 'मी अद्दोर्मेन्तो', म्हणजे मला झोप लागते, असं म्हटल्यावर सुटका.

एकदा मी विचारलं, "काका, रडते याला काय म्हणतात?" ते वर्तमानपत्राच्या घडीवरून बोट फिरवत राहिले. "तें हांव शिकोवचों ना. तें तुका नाका."

इटलीत आल्यावर पहिले काही दिवस सिन्योरा, म्हणजे माझ्या म्हाताऱ्या बाई, आणि मी एकमेकींकडे नुसत्या बघत बसायचो. शेवटी एका संध्याकाळी कॉफी देताना मी माझा दिवस सांगितला. मग त्यांनी त्यांचा सांगितला. दोघींचे दिवस एकाच घरातले, तरी रोज सांगायला काहीतरी निघायचंच. रविवारी फोनवर काका पुन्हा तोच दिवस ऐकायचे आणि चुका काढायचे.

मागच्या थंडीत एका सकाळी काकांच्या पुतण्याचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. मला फार एकटं वाटलं, पण कामं थांबवता येत नव्हती. संध्याकाळी सिन्योरांसमोर कॉफी घेऊन बसले. मी आल्झो, मी लाव्हो इथवर आले आणि पुढचा शब्द काकांनी शिकवलाच नव्हता. सिन्योरांनी माझ्या गालावर हात ठेवला, ओली बोटं मला दाखवली आणि म्हणाल्या, "पियांजी." तू रडतेस.

मी मान हलवली. त्या हात धरून वाट बघत राहिल्या. मग मी जेवणाचं सांगितलं, भांड्यांचं सांगितलं, आणि मी अद्दोर्मेन्तो म्हणेपर्यंत दिवस पुरा केला.