पूजेतलं हँडल

मोटारीत संसार थाटलेली माणसं आमच्याआधी मावळात कुणी पाहिली नव्हती. लढाईचे दिवस होते. बॉम्बच्या भीतीनं मुंबईची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं लोणावळ्यात येऊन उतरली होती आणि गोठ्यांनाही भाडेकरू मिळत होते. मी ज्या बसवर ड्रायव्हर होतो ती मोडीत निघाली, तेव्हा मालकानं तीच मला देऊन टाकली. बाकडी काढली, मागे चूल मांडली, पुढे लेकीचा पाळणा टांगला आणि मळवलीजवळ सडकेच्या कडेला आम्ही राजेशाही थाटात राहू लागलो. स्टिअरिंगवर दुपटी वाळायची. निजण्याआधी मी एकदा भोंगा वाजवायचो, की भाजे गावापर्यंतची कुत्री जबाब द्यायची.

इंजिन जिवंत होतं. अधूनमधून पुढून लोखंडी हँडल घालून, गरागरा फिरवून मी त्याला खोकायला लावत असे. रड होती ती गिअरच्या पेटीची. पहिला आणि दुसरा गिअर लावला की निसटायचा, तिसरा चढ बघूनच मान टाकायचा. धडधाकट होता तो एकटा रिव्हर्स, कारण उभ्या आयुष्यात त्याला फारसं काम पडलं नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी रस्त्याचा ओव्हरसियर आला. लष्कराच्या लॉऱ्यांसाठी सडक रुंद होणार होती. आमच्या बसच्या पल्याड त्यानं लाल खुंट्या ठोकल्या आणि सांगितलं, उद्या सकाळी कामाची लॉरी येईल, खुंट्यांच्या आत जे सापडेल ते मोडून भरावात जाईल. मी ऐटीत हसलो. सडकेच्या वर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा माळ होता. आबा म्हणायचो आम्ही त्याला. तिथं बस चढवायला कितीसा वेळ लागणार?

हँडल घ्यायला आत गेलो आणि हसू मावळलं. बायकोनं हँडल, पाने, पकडी सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलं होतं. वर झेंडू. ती सुताराची लेक. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय तिच्या माहेरी हत्याराला कुणी बोट लावत नसे. एका चुलत्यानं एकदा लावलं होतं आणि त्याच आठवड्यात त्याचा अंगठा गेला होता. मी हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. ती पाटाच्या आड बसून राहिली.

लोणावळ्याच्या गॅरेजात गेलो. तिथंही पाने झेंडूखाली. आबाकडे बैल मागायला गेलो.

"बैल हायेत की," आबा म्हणाला, "पर जू पूजेला बसलंय. मानसं न्या. मानसं काय पूजेत न्हाईत."

माणसं आली. हँडलवाचून इंजिन चालू करायचं तर गाडी ढकलून गिअरात टाकायची, आणि भरवशाचा गिअर एकच. म्हणून सगळ्यांनी बॉनेटला खांदे लावून बस मागे ढकलली. बायको लेकीला पोटाशी धरून आत, पायांमध्ये पूजेचा पाट. थोडा वेग आला तसा मी क्लच सोडला. इंजिन खाकरलं, धुराचा लोट निघाला, आणि आमचं घर उलट्या पावली माळाचा चढ चढू लागलं. खिडकीतून डोकं काढून मी सेनापतीसारखा ओरडत होतो. डबे कोसळत होते. मागची चाकं माळावर लागली आणि पेटीत काडकन आवाज झाला.

गिअरचा दात तुटून पेटीत अडकला होता. चाकं जाम. शेपूट माळावर, तोंड खुंट्यांच्या आत. माणसांनी पुन्हा रेटा दिला, पण बस तसूभर हलली नाही. दिवे लागायच्या वेळेला एकेक जण खाली मान घालून निघून गेला. पेटी सोडवायला पाने हवेत, हे त्यांनाही कळत होतं. मी पायरीवर बसलो. त्या रात्री भोंगा वाजवला नाही. लोणावळ्यात आम्हाला कोण उभं करणार होतं? तान्ही पोर घेऊन जायचं कुठं? मला एकही थाप सुचेना, आणि माझ्यासारख्या माणसाला याहून वाईट अवस्था नाही.

उजाडता उजाडता खांद्याला काहीतरी गार लागलं. बायको पाने घेऊन उभी होती. पाकळ्या अजून चिकटलेल्या.

"माझ्या हातानं उचललेत," ती म्हणाली. "काय व्हायचं ते मला होऊ दे. तुम्ही घर काढा."

मी बसखाली शिरलो. पेटी सोडवली तशी चाकं मोकळी झाली, पण चढावर एवढं धूड ढकलणं अशक्य होतं. मग इंजिनाचेही बोल्ट काढले. एवढी वर्षं ज्याच्या आवाजावरून मी त्याची तब्येत ओळखत आलो, ते आबानं आणि त्याच्या भाऊबंदांनी वासे घालून उचललं आणि, चढावर नेणं कुणाला झेपणारं नव्हतं म्हणून, सडकेवर ठेवलं. हलकं झालेलं घर एका दमात माळावर गेलं.

लॉरी आली. ओव्हरसियरनं खुंट्या पाहिल्या, मान डोलावली आणि इंजिन गाडीत टाकायला सांगितलं. बायकोनं हमालांना थांबवलं, इंजिनाला कुंकू लावलं आणि बाजूला झाली. तेवढ्यात ओव्हरसियरची नजर आमच्या दारातून आत गेली.

"ते हँडल याचंच ना? तेही द्या."

"ते पूजेत आहे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत उठत नाही."

संध्याकाळपर्यंत थांबायला लॉरीला वेळ नव्हता.